साहेब गेले, खातें राहिलें

सरकारी कचेरींत ज्यांचें आयुष्य गेलें आहे, किंवा ज्यांच्या घरांतून कोणी ना कोणी रोज अशा कचेरीची वाट धरतो, त्यांना निरोपसमारंभ म्हणजे काय हें सांगावयास नको. हारतुरे होतात, छायाचित्र काढलें जातें, मानपत्र वाचलें जातें, आणि उत्तराचीं चार वाक्यें बोलतां बोलतां साहेबांचा कंठ दाटून येतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच खुर्चीवर दुसरा मनुष्य बसलेला असतो, आणि काल ज्यांनीं मानपत्रावर सह्या केल्या तेच लोक आज त्याच्या टेबलावर कागद नेऊन ठेवतात. या प्रकाराला कोणी कृतघ्नपणा म्हणेल. मला मात्र असें वाटतें कीं, एखाद्या खात्याची खरी परीक्षा या दुसऱ्या दिवसाच्या सकाळींच होत असते. जाणाऱ्या मनुष्यानें मागें काय ठेवलें हें मानपत्रावरून कळत नाहीं. तें त्याच्या माघारीं लोक कसे वागतात यावरून कळतें.

अशाच एका वरिष्ठाच्या जाण्याची हकीकत आज मी आपल्यापुढें ठेवणार आहें. ती अमेरिकेंतील आहे, आणि १९१० सालची आहे. या वरिष्ठाला हारतुरे मिळाले नाहींत. त्याला बडतर्फ करण्यांत आलें, आणि तें करणारा मनुष्य साक्षात् अमेरिकेचा अध्यक्ष होता. त्याचें नांव गिफर्ड पिंशो. अमेरिकेच्या जंगलखात्याचा हा पहिला मुख्य अधिकारी.

पिंशो यांचा जन्म १८६५ सालचा; घराणें सधन. येल विद्यापीठांतून १८८९ सालीं पदवी घेतल्यावर या तरुणानें असें ठरविलें कीं, आपण अरण्यशास्त्र शिकावयाचें. त्या वेळीं हें शास्त्र शिकविणारी एकही शाळा अमेरिकेंत नव्हती. म्हणून तो युरोपांत गेला, फ्रान्समधील नान्सी येथील विद्यालयांत राहिला, आणि जर्मनींत बॉन शहरीं एका वृद्ध गृहस्थांच्या पायाशीं बसला. त्या गृहस्थांचें नांव ऐकतांच आपल्यापैकीं कांहींचे कान टवकारतील. ते होते सर डीट्रिख ब्रँडिस. १८६४ सालीं नेमलेले हिंदुस्थानच्या जंगलांचे पहिले इन्स्पेक्टर-जनरल. ब्रह्मदेशांतील पेगूच्या सागवानाची शिरगणती त्यांनीं हत्तीवर बसून केली होती. डेहराडूनची अरण्यशाळा १८७८ सालीं त्यांच्याच खटपटीनें निघाली. १८८३ सालीं ते सेवानिवृत्त झाले, आणि स्वदेशीं परतून परदेशच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करूं लागले. तात्पर्य, ज्या मनुष्यानें अमेरिकेचें जंगलखातें उभारलें, त्यानें आपला धडा हिंदुस्थानांत खातें उभारणाऱ्या गुरूपाशीं घेतला होता. जंगलें राखावयाचीं असतील तर आधीं तीं राखणारीं माणसें तयार केलीं पाहिजेत, हा त्या धड्याचा गाभा होता.

१८९८ सालीं पिंशो वॉशिंग्टनच्या शेतकीखात्यांतील वनविभागाचे प्रमुख झाले. विभाग कसला, लहानशी खोलीच ती! माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, आणि नवल असें कीं, सरकारचीं राखीव जंगलें या विभागाच्या ताब्यांत मुळींच नव्हतीं. तीं दुसऱ्याच खात्याकडे होतीं, आणि तेथें वशिल्यानें नेमलेल्या मंडळींचा सुळसुळाट होता. सात वर्षांच्या खटपटीनंतर १ फेब्रुवारी १९०५ रोजीं तीं जंगलें पिंशो यांच्या हातीं आलीं. त्या वेळीं त्यांचें क्षेत्र साडेपांच कोटी एकरांच्या वर होतें. पांच वर्षांनीं पिंशो गेले तेव्हां तें १७ कोटी एकरांपर्यंत पोंचलें होतें.

परंतु आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीनें एकरांपेक्षां माणसें महत्त्वाचीं. पिंशो यांनीं वशिला बंद केला आणि परीक्षा सुरू केली. रेंजर होऊं पाहणाराला लेखी प्रश्न तर सोडवावे लागतच. शिवाय घोड्यावर सामान नीट लादून दाखवावें लागे, कुऱ्हाड चालवावी लागे, होकायंत्रावरून वाट काढावी लागे. घोडा आणि खोगीर त्याचें त्यानेंच आणावयाचें. विद्यार्थी-मदतनीस म्हणून जीं तरुण मुलें येत, त्यांना महिना २५ डॉलर मिळत आणि उन्हाळाभर रानांत राहावें लागे. तरीही मुलें येत. संध्याकाळीं पिंशो यांच्या घरीं या मंडळींची बैठक जमे. तेथें अरण्यशास्त्रावर निबंध वाचले जात आणि फराळाला भाजलेलीं सफरचंदें, जिंजरब्रेड व दूध असे. लोकांनीं त्या बैठकीचें थट्टेनें ‘भाजल्या सफरचंदांचें मंडळ’ असें नांव ठेवलें होतें. ज्या कचेरींत वरिष्ठ आपल्या घरीं बोलावून खाऊं घालतो आणि बरोबरीनें वाद घालतो, तेथें नोकरीचें रूपांतर निष्ठेंत होण्यास वेळ लागत नाहीं.

ही निष्ठा कोणत्या थराला गेली होती, याचें एक उदाहरण सांगतों. १९०७ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या कायदेमंडळानें असें ठरविलें कीं, पश्चिमेकडील सहा संस्थानांत यापुढें अध्यक्षांनीं नवीं राखीव जंगलें जाहीर करूं नयेत. विधेयकावर सही करण्यास अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हातीं थोडे दिवस उरले होते. तेवढ्या दिवसांत पिंशो यांच्या कचेरींतील कारकून आणि नकाशे काढणारे रात्रीचा दिवस करून बसले. नकाशे तयार झाले, जाहीरनामे तयार झाले, आणि मुदत संपण्यापूर्वीं १ कोटी ६० लक्ष एकर रान राखीव झालें. मग रूझवेल्ट यांनीं त्या विधेयकावर सही केली! या चातुर्याचें कौतुक करावें कीं कायदेमंडळाला दिलेली ही हुलकावणी म्हणावी, याविषयीं मतभेद होईल. कचेरींतील लोकांना मात्र त्या रात्रींचा अभिमान वाटत राहिला.

आणखी एक गोष्ट त्यांनीं केली. ती वरवर पाहतां रुक्ष वाटते, पण पुढें तीच कामीं आली. १९०८ च्या अखेरीस त्यांनीं वॉशिंग्टनमधील आपल्या हातचा बराचसा अधिकार काढून सहा प्रांतिक कचेऱ्यांना वांटून दिला. डेन्व्हर, ऑग्डेन, मिसूला, अल्बुकर्क, सॅन फ्रॅन्सिस्को आणि पोर्टलंड या ठिकाणीं बसलेले तिशींतले अधिकारी जागच्या जागीं निर्णय घेऊं लागले.

१९०९ च्या मार्चमध्यें रूझवेल्ट पायउतार झाले आणि आफ्रिकेंत शिकारीला गेले. त्यांच्या जागीं विल्यम टॅफ्ट आले. टॅफ्ट हे कायदेपंडित. पूर्वींच्या राजवटींत कायद्याच्या अक्षराला बगल देऊन जें झालें, तें त्यांना रुचत नसे. त्यांनीं अंतर्गत व्यवहारखात्याच्या मंत्रिपदीं रिचर्ड बॅलिंजर यांची नेमणूक केली, आणि येथें ठिणगी पडली. अलास्कांतील कोळशाच्या कांहीं जमिनी मोठ्या भांडवलदारांच्या घशांत जात आहेत आणि बॅलिंजर त्याकडे डोळेझांक करीत आहेत, असा आरोप लुई ग्लॅव्हिस नांवाच्या त्यांच्याच खात्यांतील एका तरुण अधिकाऱ्यानें केला. पिंशो यांनीं त्याला अध्यक्षांकडे धाडलें. अध्यक्षांनीं कागद पाहिले, बॅलिंजर यांना निर्दोष ठरविलें, आणि सप्टेंबरमध्यें ग्लॅव्हिसला नोकरींतून काढण्यास संमति दिली. ग्लॅव्हिसनें मग आपली तक्रार एका साप्ताहिकांत छापली. त्याला माहिती जुळविण्यास ज्यांनीं मदत केली, त्यांत पिंशो यांच्या हाताखालील प्राइस आणि शॉ हे दोघे होते.

आतां पिंशो यांच्यापुढें पेंच पडला. हाताखालच्या माणसांनीं शिस्त मोडली होती, पण मोडली होती ती खात्याच्या हितासाठीं. अध्यक्षांचा स्पष्ट हुकूम होता कीं, कोणाही कनिष्ठ अधिकाऱ्यानें वरिष्ठांना वगळून कायदेमंडळाशीं पत्रव्यवहार करूं नये. पिंशो यांनीं सीनेटर डॉलिव्हर यांना पत्र लिहिलें. प्राइस व शॉ यांचें कृत्य नियमबाह्य होतें खरें, पण त्यांचा हेतु शुद्ध होता, असें त्या पत्रांत सांगितलें, आणि अध्यक्षांनीं चुकीच्या माहितीवर विसंबून निर्णय दिला असेंही सुचविलें. ६ जानेवारी १९१० रोजीं तें पत्र सीनेटमध्यें वाचलें गेलें. याचा परिणाम काय होणार हें पिंशो यांना ठाऊक नव्हतें असें मानण्यास जागा नाहीं. त्यांनीं जाणूनबुजून आपली मान पुढें केली होती.

दुसऱ्या दिवशीं, ७ तारखेच्या संध्याकाळीं, जेवणाच्या आमंत्रणाला जाण्यासाठीं ते घराबाहेर पडत असतां अध्यक्षांच्या जासुदानें त्यांच्या हातीं लखोटा दिला. ते माघारीं फिरले आणि आईला म्हणाले, मला काढून टाकलें. म्हातारीनें हात उंच करून जयघोष केला! पिंशो यांनीं स्वतःच हा प्रसंग पुढें लिहून ठेवला आहे. त्यांच्याबरोबर प्राइस आणि शॉ हेही गेले.

हें सर्व घरांतलें झालें. कचेरींत काय झालें? ८ तारखेला पिंशो आपल्या माणसांचा निरोप घेण्यास आले. त्यांनीं त्यांना सांगितलें कीं, कोणीही काम सोडूं नये. आपण जें काम करीत आहों तें कोणाही एका मनुष्याच्या असण्यानसण्यापेक्षां फार मोठें आहे. ज्या अर्थीं हें सांगण्याची त्यांना गरज वाटली, त्या अर्थीं काम सोडण्याचा विचार कांहींच्या मनांत डोकावला असला पाहिजे. आणि तो यावा यांत आश्चर्य काय? ज्यानें आपल्याला निवडलें, शिकविलें, आपल्या घरीं जेवूं घातलें, आणि शेवटीं आपल्यापैकीं दोघांचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला, त्याच्या मागोमाग उठून जावें हीच मनुष्याची पहिली ऊर्मि असते.

पण श्रोतेहो, या गोष्टीची दुसरीही बाजू आहे. टॅफ्ट यांच्या जागीं आपण असतों तर काय केलें असतें? सरकारचा एक अधिकारी सरकारच्याच प्रमुखाविरुद्ध उघडपणें बोलतो, आणि त्याचें खातें त्याच्या शब्दाबाहेर नाहीं, अशी स्थिति कोणता राज्यकर्ता चालूं देईल? टॅफ्ट यांनीं निर्णय सुखासुखी घेतला नव्हता. पिंशो हे रूझवेल्ट यांचे जिवलग स्नेही. त्यांना काढणें म्हणजे जुन्या अध्यक्षाशीं वैर पत्करणें, हें ते जाणून होते. तरीही शिस्त राखावयाची तर दुसरा मार्ग नव्हता. जें खातें सरकारपेक्षां साहेबाला अधिक मानतें, तें कितीही कर्तबगार असलें तरी तें सरकारी खातें न राहतां एका व्यक्तीचा गोतावळा होऊं लागतें. प्रेमळ वरिष्ठाच्या हातून हा अपाय नकळत घडतो, म्हणूनच तो लवकर ओळखूं येत नाहीं.

शिवाय, खात्याबाहेरच्या सर्वांनाच दुःख झालें असें नाहीं. पश्चिमेकडील अनेक मेंढपाळांना, लाकूडवाल्यांना आणि त्यांच्या वर्तमानपत्रांना पिंशो यांचें जाणें इष्टच वाटलें. चराईला पट्टी द्या, लाकडाला परवाना काढा, असें सांगणारा साहेब कोणाला प्रिय असतो? आपल्याकडेही जंगलखात्याविषयीं रयतेची भावना कशी होती, हें महात्मा फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. १९३० सालीं बिळाशीला आणि चिरनेरला जे जंगल सत्याग्रह झाले, त्यांची आठवण तर महाराष्ट्राला आहेच. खात्यांतील माणसाला आपला साहेब जसा दिसतो, तसा तो कुंपणापलीकडच्या माणसाला दिसत नाहीं.

पिंशो यांच्या जागीं हेन्री ग्रेव्हज यांची नेमणूक झाली. ते येलच्या अरण्यशाळेचे प्रमुख, आणि पिंशो यांचे जुने सहकारी. हा मनुष्य परका नव्हता, यामुळें खात्याला धीर आला. पण ग्रेव्हज यांचें काम अवघड होतें. रानांतल्या माणसांना जुन्या साहेबांची आठवण पदोपदीं येत होती. वॉशिंग्टनमध्यें मात्र प्रत्येक कागदाकडे संशयानें पाहिलें जात होतें. ग्रेव्हज यांच्यापाशीं पिंशो यांचें वक्तृत्व नव्हतें, तें तेज नव्हतें. त्यांनीं शांतपणें कचेरी चालविली. अशा माणसांचे पुतळे उभारले जात नाहींत, पण खातीं टिकतात तीं बहुधा त्यांच्याच जिवावर.

सात महिने लोटले, आणि खरी परीक्षा आली. १९१० चा वसंत कोरडा गेला, उन्हाळा त्याहून कोरडा. आयडाहो आणि मॉन्टाना या डोंगराळ संस्थानांत शेंकडों ठिकाणीं वणवे पेटले. हजारों मजूर गोळा केले गेले, सैन्यही बोलाविलें गेलें. मिसूलाच्या प्रांतिक कचेरींत विल्यम ग्रीली आणि फर्डिनांड सिल्कॉक्स हे दोघे तरुण अधिकारी दिवसरात्र माणसें आणि शिधा पाठवीत होते. २० ऑगस्टला वादळी वारा सुटला, आणि सर्व वणवे एक झाले. दोन दिवसांत सुमारे ३० लक्ष एकर रान जळालें. आग विझविणारे ७८ लोक मृत्यू पावले.

वॉलेस गांवच्या बाजूला एडवर्ड पुलास्की नांवाचा रेंजर होता. वय चाळिशीच्या पुढें. खात्यांत येऊन फार तर दोन वर्षें झालेलीं. त्याच्याबरोबर चाळीसांहून अधिक माणसें आगीच्या वेढ्यांत सांपडलीं. त्यानें त्यांना खाणीच्या एका ओसाड बोगद्यांत नेलें. धुरानें गुदमरून माणसें बाहेर पळूं लागलीं, तेव्हां त्यानें तोंडाशीं उभें राहून पिस्तूल काढलें आणि बाहेर जाईल त्याला गोळी घालीन असें बजावलें. तोंडावर ओलीं घोंगडीं लावतां लावतां तो स्वतःही बेशुद्ध झाला. पहांटे शुद्ध येत असतां त्याच्या कानीं शब्द पडले. कोणी म्हणत होता, चला बाहेर, साहेब मेला! पुलास्कीनें जमिनीवरूनच त्याला दरडावून सांगितलें, साहेब मेलेला नाहीं. त्या बोगद्यांत पांच माणसें दगावलीं. बाकीचीं डोंगर उतरून घरीं आलीं. पुलास्कीच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना कायमची इजा झाली. तरीही तो पुढें अनेक वर्षें त्याच नोकरींत राहिला.

पुलास्कीला वॉशिंग्टनच्या भांडणाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. अध्यक्ष कोण, मुख्य वनाधिकारी कोण, याचा विचार करण्यास त्या रात्रीं त्याला फुरसत नव्हती. आपल्या ताब्यांत दिलेलीं माणसें वांचवावयाचीं, एवढेंच तो जाणत होता. खातें म्हणजे काय, याचें उत्तर मला त्या बोगद्यांत सांपडतें. जानेवारींत रानांतल्या माणसांनीं रागाच्या भरांत राजीनामे दिले असते, तर ऑगस्टमध्यें त्या डोंगरांत नवशिके लोक असते, आणि मेलेल्यांची संख्या किती वाढली असती याची कल्पनाच करवत नाहीं.

या वणव्यानें लोकमतही फिरलें. १ मार्च १९११ रोजीं वीक्स कायदा झाला आणि पूर्वेकडील संस्थानांत जंगलें विकत घेण्याचा व आगीपासून बचावासाठीं संस्थानांना साह्य करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याच महिन्यांत बॅलिंजर यांनीं राजीनामा दिला. चौकशी-समितीनें बहुमतानें त्यांना दोषमुक्त केलें होतें. पण त्या चौकशींत ग्लॅव्हिसच्या पक्षाचे वकील लुई ब्रँडाइस यांनीं एक गोष्ट उघडकीस आणली. अध्यक्षांनीं ज्या अहवालाच्या आधारें निर्णय दिल्याचें सांगितलें होतें, त्यावर मागील तारीख घातलेली होती! रूझवेल्ट आणि टॅफ्ट यांचें वितुष्ट वाढत गेलें, आणि १९१२ च्या निवडणुकींत दोघेही पडले.

आणि पिंशो यांचीं माणसें? ग्रेव्हज १९२० पर्यंत प्रमुख होते. त्यांच्यामागून मिसूलाचे ग्रीली आले, आणि १९३३ सालीं सिल्कॉक्स त्याच खुर्चीवर बसले. म्हणजे जे राहिले त्यांनींच खातें चालविलें. मौज अशी कीं, खाजगी जंगलांवर सरकारनें सक्तीचें नियंत्रण ठेवावें किंवा नाहीं, या प्रश्नावर ग्रीली यांनीं आपल्या जुन्या साहेबांशीं उघड विरोध पत्करला. पिंशो यांना त्याचा फार राग आला. पण खातें प्रौढ झाल्याचें याहून चांगलें चिन्ह कोणतें? ज्या खात्यांत गेलेल्या साहेबाचें मत खोडून काढतां येतें, तेंच त्याच्या पश्चात् जिवंत असतें.

जेथें खात्यानें आपला जुना मंत्र तसाच कवटाळला, तेथें त्याचें नुकसानही झालें. वणवा हा शत्रूच, तो दिसतांक्षणीं विझविलाच पाहिजे, ही पिंशो यांच्या काळची शिकवण १९१० च्या आघातानंतर वज्रलेप झाली. आग दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या आंत आटोक्यांत आलीच पाहिजे, असा नियम सिल्कॉक्स यांनीं १९३५ सालीं केला. पण लहान आगी विझवीत राहिल्यानें रानांत वाळका पाचोळा साचत जातो आणि पुढची आग अधिक भयंकर होते, हें कळून तो नियम सोडण्यास १९७० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. निष्ठा कामावर ठेवावी, साहेबाच्या प्रत्येक शब्दावर नव्हे, हा बोध खात्याला फार महागांत पडला.

पिंशो पुढें पेन्सिल्व्हेनियाचे दोनदां गव्हर्नर झाले आणि १९४६ सालीं वारले. तीन वर्षांनीं वॉशिंग्टन संस्थानांतील एका राष्ट्रीय जंगलाला त्यांचें नांव देण्यांत आलें. त्यांचे गुरु ब्रँडिस १८८३ सालीं आपल्या देशांतून गेले, तेव्हां कसलाही गाजावाजा झाला नाहीं. विल्यम श्लिख यांनीं त्यांच्या हातून कागद घेतले आणि काम पुढें चाललें. गुरूचें जाणें शांत, शिष्याचें वादळी. पण दोघांनीं मागें ठेवलेली वस्तु एकच होती: आपल्यावांचून काम करूं शकणारीं माणसें.

आपल्या कचेरींत पुढच्या खेपेला निरोपसमारंभ होईल, तेव्हां मानपत्र अवश्य ऐकावें, हार घालावेत, डोळे पाणावले तर पाणावूं द्यावेत. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं नेहमीच्या वेळेला जाऊन आपल्या टेबलावरचा कागद उघडावा. जाणाऱ्याचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी ठाऊक नाहीं.